नारायण विनायक जगताप कोण होते? मराठी विज्ञानकथेचा माग, फोनवरून

आजचा भाग जरा लांब आहे. ऐकायला वेळ नसेल तर इथं निवांत वाचा, बसमध्ये, रांगेत, जिथं असाल तिथं.

आज एका माणसाला शोधायचंय. नाव नारायण विनायक जगताप. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली, तिच्यात या जगतापांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. आणि मग उघड झालं की असा कोणी माणूसच नाही. आद्याक्षरं घ्या: ना. वि. ज. आता उलटीकडून वाचा: ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर.

तेव्हा नारळीकर छत्तीस वर्षांचे. केंब्रिजहून परत येऊन मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पद्मभूषण तर विशीतच, १९६५ साली मिळालेला. एवढ्या मोठ्या नावानं कथा पाठवली तर परीक्षक नाव बघूनच बक्षीस देतील, ही त्यांची अडचण. म्हणून टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंच्या हातून लिहून घेतली. आपण ऑफिसात कोड रिव्ह्यू करताना कधीकधी नाव झाकतो ना, तसंच. आणि कथेची सुरुवात कुठं झाली, तर अहमदाबादला एका परिसंवादात, कंटाळवाणं व्याख्यान चालू असताना. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दुसरंच काहीतरी करणाऱ्या सगळ्यांना हे समर्पित.

बरं, 'इंटरस्टेलर' पिक्चर आला २०१४ ला. कृष्णविवराचा पहिला फोटो आला १० एप्रिल २०१९ ला. आणि मराठीत त्यावरच्या कथेला बक्षीस १९७४ मध्येच मिळून गेलं होतं. हे मला कळलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि तोवर मला वाटायचं विज्ञानकथा म्हणजे इंग्रजी गोष्ट. तेव्हापासून डोक्यात एक किडा आहे: मराठी विज्ञानकथेचा इतिहास धाराशिव जिल्ह्यात बसून, हातातल्या फोनवर, किती सापडतो? कारण मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालयं आपल्याला रात्रभराच्या प्रवासावर. दर रविवारी कोण जाणार?

जगतापांची गोष्ट सापडायला सोपी आहे. नारळीकरांनी ती 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात लिहिली, मुलाखतींत सांगितली, त्यामुळे ती शंभर ठिकाणी आहे. त्यांच्या आधीचं काय, हा खरा प्रश्न.

मागं जाऊ. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' नावाच्या मराठी मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं भाषांतर 'चंद्रलोकची सफर' या नावानं येऊ लागलं. मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये. गाव कराडजवळचं टेंभू. मासिक सुरू झालं १८८६ मध्ये आणि ते कुठं, तर कोचीनला! मराठी मासिक, केरळात. पुढं ते मुंबईला आलं. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. म्हणजे पस्तीसेक वर्षांत ती मराठीत पोचली.

इथं थोडं थांबा. राइट बंधूंचं विमान उडालं डिसेंबर १९०३ मध्ये. म्हणजे 'केरळ कोकिळ'च्या वाचकासमोर माणूस चंद्राकडे निघाला तेव्हा जगात अजून विमानच नव्हतं. 'विमान' हा शब्द होता, पण तो देवांचा. शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियातले जुने शब्दकोश नेटवर फुकट ठेवलेत, त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्यात 'विमान' शोधा. देवांचं आकाशात फिरणारं वाहन, असा अर्थ मिळतो. 'दूरध्वनी', 'अग्निबाण', 'यंत्रमानव' असे आपल्याला जुने वाटणारे शब्द घेऊन हा खेळ खेळा. कुठला शब्द तेव्हा होता, कुठला नव्हता, हे बघताना अर्धा दिवस कुठं जातो कळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या काळात घडणारी कथा लिहायची असेल तर याच्यासारखी दुसरी जागा नाही.

आणि त्याच वेळी आपल्याकडे काय चालू होतं? १९०० साली आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात. सरकारी कारभार उर्दूत. पुढं १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेसुद्धा उर्दू माध्यमाचं. मुंबईत कोणी चंद्रलोकची सफर वाचत असेल तेव्हा उस्मानाबादच्या मराठी पोराला मराठी मासिक हातात पडणंच मुश्कील. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदललं. मराठवाडा साहित्य परिषदेची स्थापना १९४३ ची, पण तिचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक १९५३ मध्ये निघालं. मला वाटतं, मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर पुण्या-मुंबईइतकी जुनी मासिकं मिळत नाहीत त्याचं एक कारण इथं आहे. ती इकडं आलीच कमी. त्यामुळे नेट हे आपल्यासाठी चैनीचं ग्रंथालय नाही, बऱ्याच बाबतीत तेच पहिलं ग्रंथालय आहे.

आता त्या ग्रंथालयात शिरू.

इंटरनेट आर्काइव्हवर 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची लाखो पुस्तकं आहेत. हा प्रकल्प बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनचा. देशभरच्या ग्रंथालयांतून जुनी पुस्तकं स्कॅन केली, त्यात मराठीही बरीच. मूळ सरकारी जागा पुढं बंद पडली, पण त्याआधी कार्ल मलमूद या अमेरिकन माणसाच्या संस्थेनं त्या पुस्तकांची मोठी प्रत इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवली. नाहीतर सगळं गेलं असतं. बॅकअप म्हणजे काय हे मला कॉलेजात कळलं नाही तेवढं या एका उदाहरणानं कळलं.

पण गंमत पुढं आहे. स्कॅन करणाऱ्यांनी पुस्तकांची नावं देवनागरीत टाकलीच नाहीत. इंग्रजी अक्षरांत टाकली, आणि ती टाकणाऱ्याला मराठी येत होतं की नाही देव जाणे. एकच नाव चार प्रकारे. 'आ'साठी कुठं एक 'ए', कुठं दोन. 'श' आणि 'ष' आणि 'स' एकाच माळेत. कुठं प्रकाशनाचं साल नाही, कुठं लेखकाच्या जागी संपादक. तुम्ही देवनागरीत 'चंद्र' टाकलं तर शून्य निकाल आणि पुस्तक मात्र तिथंच पडलेलं. हे म्हणजे गावात माणूस आहे पण मतदार यादीत नाव चुकलंय, तसं.

यावर माझी पद्धत सांगतो, कारण ती मी बरेच महिने वापरतोय. पूर्ण नाव कधीच टाकत नाही. नावातला सगळ्यात टणक तुकडा घेतो, ज्याचं स्पेलिंग फारसं बदलू शकत नाही. लेखकाचं आडनाव तीन-चार स्पेलिंगनं शोधतो. भाषा मराठी अशी चाळणी लावतो, पण चाळणीवर विश्वास ठेवत नाही, कारण बरीच मराठी पुस्तकं हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेली असतात. साल तर सोडूनच द्यायचं. पुस्तक उघडायचं, शीर्षकाचं पान डोळ्यांनी वाचायचं आणि तिथलं साल आपल्या वहीत टिपायचं. एक छोटी स्क्रिप्ट लिहिलीय जी एका मराठी नावाची वीस-पंचवीस इंग्रजी रूपं करून एकामागून एक शोधते. पहिल्याच रात्री अशी पुस्तकं निघाली जी साध्या शोधात कधीच आली नव्हती.

पुस्तकातला मजकूर शोधायचा असेल तर आणखी एक पायरी. स्कॅन म्हणजे फोटो, त्यातून अक्षरं काढावी लागतात. 'टेसरॅक्ट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मराठी आहे. स्वच्छ छपाईवर ते बरं काम करतं. पण १९१० च्या खिळ्यांच्या छपाईवर, जिथं अनुस्वार अर्धा उडालाय आणि जोडाक्षरं वेगळ्याच घाटाची आहेत, तिथं ते जे वाचतं ते ऐकून आठल्ये रडले असते. तरी दहा शब्दांतले सहा बरोबर आले तरी शोधायला पुरतं. वाचायला नाही, शोधायला.

आता दुसरी अडचण. शोधायचं काय? 'विज्ञानकथा' हा शब्द टाकून जुनं काही मिळत नाही, कारण तेव्हा हा शब्द रुळलेलाच नव्हता. ज्याला आपण आज विज्ञानकथा म्हणतो ती तेव्हा अद्भुत कादंबरी, भाषांतरित कादंबरी किंवा नुसतीच गोष्ट म्हणून छापली जायची. इथं कामाला येतात शंकर गणेश दाते. या माणसानं 'मराठी ग्रंथसूची' केली. पहिला भाग १९४३ चा, १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची यादी. दुसरा १९६१ चा, १९३८ ते १९५० साठी. नियतकालिकांची सूची वेगळी. संगणक नाही, फोन नाही, ग्रंथालयं पालथी घालून हाताने केलेल्या नोंदी. मी डेटाबेसवर काम करून पोट भरतो, म्हणून जबाबदारीनं सांगतो: नेटवरच्या कुठल्याही मराठी पुस्तकयादीपेक्षा दाते सूचीतलं साल मी आधी धरतो.

दाते सूचीत बसून एकेक नाव काढायचं आणि मग ते आर्काइव्हवर शोधायचं, असा हा दोन हातांचा खेळ आहे. नाथमाधवांची 'श्रीनिवासराव' १९०८ ची, ती मराठीतल्या सुरुवातीच्या विज्ञान कादंबऱ्यांत धरतात. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधवराव पितळे, गेले १९२८ ला. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही साधारण १९१५ च्या आसपासची, ती पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून सांगितली जाते. 'पहिली' या शब्दापासून मी जरा लांबच राहतो. जिथं अर्धी मासिकं अजून स्कॅनच झाली नाहीत तिथं पहिलं कोण हे ठरवायची घाई कशाला?

इथं बंगालकडे एक नजर टाकू. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये एक विज्ञानकथा लिहिली, 'निरुद्देशेर काहिनी', आणि ती एका केसांच्या तेलाच्या कंपनीच्या कथास्पर्धेसाठी! कुंतलीन तेल. कथेत समुद्रातलं वादळ शांत होतं ते केसांचं तेल पाण्यावर ओतल्यामुळे. बक्षीस मिळालं. म्हणजे बघा, बोस आणि नारळीकर, दोघंही मोठे शास्त्रज्ञ, दोघंही विज्ञानकथेत शिरले ते स्पर्धेच्या दारातून. फरक एवढाच की बोसांची कथा, बेगम रुकैया यांची १९०५ ची 'सुलतानाज ड्रीम', हे आज जगात कुणालाही दोन मिनिटांत मिळतं, अभ्यासक त्यावर लिहितात. बंगाली चाहत्यांनी 'आश्चर्य' हे १९६३ साली निघालेलं विज्ञानकथांचं मासिकसुद्धा स्कॅन करायला घेतलं. आपल्याकडचं 'तारेचे हास्य' मात्र बहुतेकांना नुसतं नावानं माहीत. उल्लेख करणारे शंभर, वाचलेले किती?

पण खरा खड्डा जुन्या काळात नाही. तो १९४५ ते १९७५ मध्ये आहे. नारळीकरांच्या आधीची तीस वर्षं.

या काळात भा. रा. भागवत व्हर्न आणि वेल्स मराठी पोरांपर्यंत आणत होते. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. फास्टर फेणेवाले भागवत ते हेच. अनंत अंतरकर 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' चालवत होते, आणि 'नवल' हे तर नावाप्रमाणेच गूढ, अद्भुत, चमत्कारिक कथांचं घर. द. पां. खांबेटे यांची 'माझं नाव रमाकांत वालावलकर' ही कथा जुने वाचक अजून आठवणीनं सांगतात. नारायण धारप भयकथांसाठी प्रसिद्ध, पण त्यांची 'नेनचिम' ही विज्ञान कादंबरीच. मग 'धनंजय'सारखे दिवाळी अंक. म्हणजे नारळीकरांनी रिकाम्या रानात नांगर घातला असं नाही. रान आधीच नांगरलेलं होतं, नुसतं त्याला विज्ञानकथा म्हणायची सवय नव्हती. काही जण मराठी विज्ञानकथा १९७४ पासून मोजतात, ते मला पटत नाही. नारळीकरांनी एक गोष्ट नक्की वेगळी केली: विज्ञान हे कथेत सजावट म्हणून नाही, कणा म्हणून आणलं. पण वाचक तयार केला तो आधीच्यांनी.

आणि नेमका हाच काळ नेटवर सापडत नाही. कारण कायदा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. आधी पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर गेले १९४१ मध्ये, त्यांचे हक्क १९९१ च्या शेवटी संपत होते, तेव्हा ती मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. टागोरांसाठी वाढवलेली ती दहा वर्षं आज प्रत्येक मराठी लेखकाला लागू आहेत. हिशोब करा. नाथमाधव केव्हाच मोकळे. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ च्या शेवटापर्यंत. धारप २००८, म्हणजे २०६८. नारळीकर २० मे २०२५ ला गेले, म्हणजे २०८५ संपेपर्यंत. २०६१ ला मी साठी ओलांडलेली असेन.

हक्क वाईट नाहीत, लेखकाच्या घरच्यांना पैसे मिळायलाच पाहिजेत. नारळीकरांची पुस्तकं दुकानात मिळतात, 'यक्षांची देणगी' विकत घेऊन वाचा, पीडीएफ मागू नका. पण 'नवल'च्या एखाद्या जुन्या अंकात कथा लिहून गेलेल्या, ज्याचं दुसरं पुस्तकच नाही अशा माणसाचं काय? त्याचे वारस कोण, त्यांना तरी माहीत असेल का? ते पुन्हा छापणार कोणी नाही, स्कॅन करून ठेवायला कायद्याची भीती, आणि कागद तर थांबत नाही. स्वस्त कागद पन्नास-साठ वर्षांत बिस्किटासारखा मोडतो. आमच्या तालुक्याच्या गावात रद्दीवाल्याकडे दिवाळी अंकांचा गठ्ठा बघितलाय मी. किलोच्या भावानं. हक्क २०६१ ला संपतील, पण तोवर प्रत राहील का, हा प्रश्न आहे.

१९७४ नंतरचा रस्ता रुंद आहे. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. 'किर्लोस्कर' मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडून कथा मागून घेतल्या. मग बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे, अरुण साधूंची 'विप्लवा'. १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं बाळ फोंडक्यांच्या संपादनाखाली 'इट हॅपन्ड टुमारो' हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. त्यात मराठी लेखकांची मोठी रांग आहे, आणि बाहेरच्या जगाला मराठी विज्ञानकथा जी काही माहीत आहे ती बरीचशी या एका पुस्तकातून.

बाहेरचं जग म्हणालो तर तिथलीही हत्यारं बघू. 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस' १९९५ पासून चालू आहे, कुठली कथा कुठल्या मासिकात कधी आली, पुन्हा कुठं छापली, सगळं. 'एन्सायक्लोपीडिया ऑफ सायन्स फिक्शन' छापील रूपात १९७९ ला आला, २०११ पासून नेटवर फुकट. इंग्रजी कथेबद्दल प्रश्न असेल तर या दोन जागी उत्तर मिळतंच. मराठी शोधा, तर भाषांतर झालेलं तेवढं सापडतं, नारळीकर सापडतात, आणि पुढं शांतता. त्यांचा दोष नाही. ती कामं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात, आणि आपल्यातल्या कोणी बसून नोंदी टाकल्याच नाहीत.

आता माझी आवडती गोष्ट. संदर्भ कसा शोधायचा हे शिकायचं असेल तर नारळीकरांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा. अकरावीच्या इंग्रजीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात ती 'द अॅडव्हेंचर' नावानं आहे, काही जणांनी अभ्यासाला केली असेल आणि म्हणून वैतागला असाल. पण परत वाचा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पडतात, जिथं मराठे पानिपत जिंकलेत. मग ते काय करतात? घाबरून पळत नाहीत. सरळ टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जातात, इतिहासाचे खंड मागवतात आणि एकेक खंड पुढं सरकत नेमकं कुठून इतिहास फुटला ते शोधतात. हे म्हणजे बग शोधणं! कुठल्या कमिटपर्यंत सगळं ठीक होतं, कुठून बिघडलं. ती जागा सापडते विश्वासरावांच्या जवळून गेलेल्या गोळीपाशी. आणि परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा म्हणून काय उरतं, तर बखरीचं फाटलेलं एक पान. अख्खी कथा एका पानाच्या संदर्भावर उभी आहे.

तुम्ही स्वतः अशी कथा लिहायला बसलात तर काय काय तपासता येतं बघा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी. 'स्टेलारियम' हे आकाश दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर उघडा, जागा पानिपत, तारीख ती टाका. चंद्र अर्धा दिसतो. अष्टमीला दिसायलाच पाहिजे. तिथी आणि सॉफ्टवेअर एकमेकांची साक्ष देतात. आता तुमच्या कथेत त्या रात्री रणांगणावरून पळणाऱ्या माणसाला किती उजेड होता, चंद्र कधी मावळला, हे अंदाजानं लिहायची गरज नाही.

असाच एक तपास आपल्या मातीतला. मी लोहारा तालुक्यातला. आमच्याकडे कालगणना दोनच: भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर. मी नंतरचा. सास्तूर, किल्लारी, तो सगळा पट्टा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, सुमारे दहा हजार माणसं गेली. मला त्या रात्रीवर एक कथा लिहायची होती, म्हणून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीत तो भूकंप शोधला. ३० तारखेला मिळेना. तो होता २९ सप्टेंबरला, रात्री दहा पंचवीसला. कारण ती यादी जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढं. आईला फोनवर गंमत म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबरच हाय की. आम्ही इसर्जनाची रात म्हणतो तिला. गणपती बुडवून झोपली होती माणसं." अनंत चतुर्दशी २९ लाच होती. यादीतली तारीख आणि गावाच्या आठवणीतली रात एकच निघाली. वर्तमानपत्रातली तेवढी वेगळी.

तेव्हा जुन्या काळातली वैज्ञानिक घटना शोधताना प्रमाणवेळ आधी बघा. ग्रहणं, उल्का, भूकंप, उपग्रहांची उड्डाणं, सगळ्याला हे लागू.

विज्ञानाचा भाग तपासायला 'नासा'ची खगोलभौतिकी निबंधांची सूची फुकट आहे. तिथं 'नारळीकर' टाका, १९६४ मधला हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांताचा निबंधही सापडेल. समजेल असं नाही, मला तरी समजला नाही. पण कथेत जे लिहिणारा माणूस आहे तो प्रयोगशाळेत काय लिहीत होता हे शेजारी ठेवून वाचायला मजा येते. मराठी शब्द अडला तर मराठी विश्वकोश नेटवर आहे, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेला, आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही. परिभाषा कोशातले काही शब्द असे आहेत की ते बोलणारा माणूस आजवर जन्मला नाही. ते कथेतल्या यंत्रमानवाच्या तोंडी घाला, शोभतात.

आणि विषय कमी पडत असतील तर आपल्याच भागात बघा. २०१५ च्या दुष्काळात मराठवाड्यात ढगांत विमानानं रसायन फवारून पाऊस पाडायचा प्रयोग झाला, तळ औरंगाबादला होता. पुढं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापुरात तोच प्रयोग शास्त्रशुद्ध मोजमाप करून केला आणि त्या भागात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचं निबंधात मांडलं. ढग आमच्या डोक्यावरून सोलापूरकडे जातात का सोलापूरचे आमच्याकडे येतात, आणि मग तो वाढलेला पाऊस नक्की कुणाचा, यावर आपल्या पारावर एक अख्खी कादंबरी ऐकायला मिळेल.

२०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावं साहित्य संमेलन उस्मानाबादला झालं, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. पुस्तकांच्या गाळ्यांवर गर्दी एवढी की चालता येत नव्हतं. पुढचंच, चौऱ्याण्णवावं, नाशिकला २०२१ च्या डिसेंबरात, अध्यक्ष जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. एक संमेलन इकडं तिकडं झालं असतं तर तो विज्ञानकथाकार आपल्या गावाचा अध्यक्ष झाला असता. हीसुद्धा गंगाधरपंतांच्या धाटणीची एक शक्यता.

आता तुमच्याकडून एक काम. कथा स्कॅन करायच्या नाहीत, वर हक्कांचं सांगितलं. पण अंकाची अनुक्रमणिका, मुखपृष्ठ आणि अंकाचा महिना-साल एवढ्याची नोंद करायला काही अडचण नाही. कोणत्या अंकात कोणाची कुठली कथा आली, एवढंच आपण दोघा-तिघांनी मिळून एका साध्या तक्त्यात भरायला घेतलंय. सध्या त्यात 'नवल'चे आणि 'धनंजय'चे मोजकेच अंक आहेत. घरात, मामाकडे, गावच्या वाचनालयात १९८० च्या आधीचा एखादा अंक असेल तर अनुक्रमणिकेचा फोटो काढून पाठवा. अंक सपाट ठेवा, पण पाठ दाबू नका, शिलाई तुटते. फ्लॅश बंद. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात काढा. आणि पानाच्या तळाला किंमत छापलेली असते, तीसुद्धा फोटोत येऊ द्या. साल फाटलेलं असलं तर कधीकधी किमतीवरून अंदाज लागतो.